आईच्या विम्याचा क्रमांक

मी, नाव व पत्ता वर नोंदवल्याप्रमाणे, वय २८ वर्षे, शिक्षण अभियांत्रिकी पदविका, काम रुग्णालयांतील क्ष-किरण यंत्रांची देखभाल व दुरुस्ती, राहणार आईसोबत. पोलीस ठाण्यात स्वतःहून आले आहे व विचारल्यावरून सांगते ते असे :

माझा थोरला भाऊ लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देतो. त्याच्या घराची पुढची खोली हेच त्याचे ऑफिस. माझे विवरणपत्रही तोच भरत आला आहे. आईचा आरोग्य विमा त्याने काढावा असे तीन वर्षांपूर्वी ठरले. हप्त्याची रक्कम मी दरवर्षी त्याच्याकडे देत होते. हप्ता माझ्या विवरणपत्रात दाखवला की करात वजावट मिळते, तेव्हा सगळे एकाच हाताने होऊ दे, असे तो म्हणाला होता.

आईच्या उजव्या खुब्याचा सांधा झिजला आहे. आधीपासून असलेल्या दुखण्याचा खर्च विम्यातून पहिली तीन वर्षे मिळत नाही. भावाने तिला सांगितले होते, "आई, तेवढी कळ काढ. मग एक पैसा द्यायला नको." आईने कळ काढली. या काळात तिने जिना उतरणे सोडले, मग खाली बसणे, मग कुशीवर झोपणे.

मुदत संपल्यावर गेल्या सोमवारी मी तिला रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या नोंदणीसाठी नेले. खिडकीवरच्या बाईंनी पॉलिसीचा क्रमांक मागितला. आमच्याकडे कार्ड नव्हते. हल्ली कार्ड देत नाहीत, असे भाऊ सांगत असे. त्याने फोन उचलला नाही. म्हणून मी माझे विवरणपत्र मोबाईलवर उघडले आणि आईच्या विम्याच्या रकान्यातला क्रमांक वाचून दाखवू लागले. चार अक्षरे वाचून थांबले. तो क्रमांक मी दर महिन्याला माझ्या अहवालात लिहिते. तो एका क्ष-किरण यंत्राचा अनुक्रमांक आहे. ते यंत्र त्याच इमारतीच्या तळघरात आहे. बाईंनी तरीही आईच्या नावाने शोधले. तिच्या नावे कोणताही विमा कधीच निघालेला नव्हता. आई शेजारी चाकाच्या खुर्चीत होती. तिने ऐकले.

आईला घरी सोडून मी भावाकडे गेले. तो गिऱ्हाइकांच्या कागदांवर संत्रे सोलत होता. बिया तळहातावर थुंकून त्याने त्या प्रिंटरच्या झाकणावर ओळीने मांडल्या होत्या. आमचे बोलणे झाले ते असे :

"दादा, हा नंबर कुठून आणलास?"

"तुझाच एक कागद इथे पडला होता. नंबर खरा वाटायला हवा ना. मनाने लिहिला की नुसती शून्यं येतात."

"तो यंत्राचा आहे."

"मग यंत्राचा विमा काढला समज."

तो हसला. वहिनीही हसली आणि म्हणाली, "वन्सं, हळू बोला, बाहेर माणसं बसलीत." मी हळूच बोलत होते.

हप्त्यांचे काय केले, असे मी विचारले. तो म्हणाला, "घरातच आहेत, कुठे पळालेत? आणि विवरणपत्रात आहे म्हणजे आहे. आजवर कुणी विचारलं?"

"आज विचारलं."

त्याने एका गिऱ्हाइकाच्या बँकेच्या कागदाला बोटे पुसली.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला व आईच्या पलंगावर बसला. आईने मला विचारले, "आता नवा काढला तर?" मी सांगितले की मुदत पहिल्यापासून मोजली जाईल. त्यावर भाऊ म्हणाला, "मग काय झालं? आता तुला सवय झालीच आहे." आईने पाय उचलून बाजूला घेतला. तो पाय तिला हाताने धरून उचलावा लागतो.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचे विवरणपत्रही तोच भरतो. त्यात दाखवलेला त्यांच्या विम्याचा क्रमांक त्यांच्याच वॉशिंग मशीनच्या पट्टीवर सापडला. "मेल्याने माझं मशीनही सोडलं नाही," असे त्या म्हणाल्या. त्या स्वतंत्र जबाब देणार आहेत.

त्या दिवशी आमच्याकडून जाताना भावाने मला जिन्यात सांगितले, "पोलिसांत गेलीस तर पहिली नोटीस तुलाच येईल. विवरणपत्र तुझ्या नावावर आहे." हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. मी वजावट काढून सुधारित विवरणपत्र भरले आहे. त्याची पोच सोबत जोडली आहे. दंड लागल्यास मी भरेन.

प्रकरण घरात मिटवण्याची इच्छा आहे काय, असे मला विचारण्यात आले. इच्छा नाही.

आईचा जबाब घेण्यास कोणी आल्यास दिवसा यावे. ती घरी एकटी असते. घंटा एकदाच वाजवावी व थांबावे. तिला दारापर्यंत यायला वेळ लागतो, आणि पुन्हा घंटा वाजली की ती घाई करते.

अंमलदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात एके ठिकाणी "कौटुंबिक गैरसमजातून" असे लिहिले होते. ते शब्द माझे नाहीत. ते खोडून शेजारी मी सही केली आहे. बाकी मी सांगितले तसेच आहे.