रकान्यातलं शून्य

(सकाळ. डायलिसिस वॉर्डाला लागून असलेली पाणी शुद्ध करायची खोली. दार उघडं. दाराला लागूनच मास्तरांची खाट.)

मुलगी : थांबा ताई, सही करू नका.

ताई : का? नाव चुकलंय कागदावर? अकरा महिने मान मोडून शिकलीस, एवढी एक सही झाली की पक्की टेक्नॉलॉजिस्ट होशील, आणि आता थांबा?

मुलगी : नाव बरोबर आहे. रजिस्टरमध्ये चुकलंय. आजचं क्लोरीनचं शून्य मी तपासून लिहिलेलं नाही.

ताई : मग कशावरून लिहिलंस?

मुलगी : रोज शून्यच येतं म्हणून.

ताई : मशीनवर किती जण आहेत आत्ता?

मुलगी : तिघं. मास्तर, काकू आणि ते ड्रायव्हर.

ताई : किती वेळ झाला?

मुलगी : मास्तरांना दहा मिनिटं. बाकीच्या दोघांना त्याहून कमी.

ताई : तिन्ही मशीनं बायपासवर टाक. रक्त फिरत राहू दे, पण आपलं पाणी रक्ताजवळ जाता कामा नये. मी डॉक्टरांना फोन लावते. रडायचं असेल तर नंतर रड, आत्ता पळ.

मास्तर : अगं, माझं मशीन का ओरडतंय?

मुलगी : थोडा वेळ बायपासवर टाकलंय, मास्तर.

मास्तर : आणि तू अशी पळापळ का करतेस? काल तर पेढीवर बसल्यासारखी ऐटीत होतीस. सोमवारी मुलाखत आहे म्हणालीस ना?

ताई : मास्तर, छातीत जड वाटतंय का? दम लागतोय? पाठ दुखतेय?

मास्तर : पाठ वीस वर्षं दुखतेय. फळ्यासमोर उभं राहून.

ताई : आज नवीन काही?

मास्तर : नवीन म्हणजे तुम्हा दोघींचे चेहरे. झालंय काय ते सांगा की मला.

ताई : तिघांच्या नळ्यांमधलं रक्त बघितलंस?

मुलगी : बघितलं. रंग नेहमीसारखाच आहे. काकूंना आणि ड्रायव्हरांनाही विचारलं, त्यांना काही त्रास नाही.

ताई : डॉक्टर निघालेत. आता मास्तरांना सांग. तूच सांग.

मुलगी : मास्तर, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. प्यायला चालतं ते. पण मशीनमधून रक्ताला लागलं तर रक्तपेशी फुटतात. ही कोळशाची टाकी ते काढून टाकते. काढलंय की नाही, ते रोज तुम्ही यायच्या आधी तपासायचं असतं. आज मी न तपासताच शून्य लिहिलं.

मास्तर : म्हणजे गणित न सोडवता उत्तर.

मुलगी : हो.

मास्तर : अशी उत्तरं मी खोडायचो. बरोबर असली तरी.

ताई : ये इकडे. नळ सोड, दोन मिनिटं वाहू दे. पण असं झालं कसं? तू विसराळू नाहीस.

मुलगी : सात वाजता क्लोरीन तपासायच्या थेंबांची बाटली रिकामी निघाली. नवी आणायची तर स्टोअर बंद. म्हटलं, रकाना भरून ठेवू, स्टोअर उघडलं की तपासू. तेवढ्यात मास्तर लवकर आले. काकूंची सुई बसेना. मग डोक्यातून गेलंच.

ताई : आठवलं कधी?

मुलगी : आत्ता. स्टोअरमधून आलेली नवी बाटली कपाटात ठेवायला गेले तर तिचं सील तसंच होतं.

ताई : फोड ते सील. काचेच्या नळीत पाणी भर, वरच्या खुणेपर्यंत. थेंब टाक. मोज.

मुलगी : एक, दोन... ताई, माझ्याच्यानं मोजवत नाही.

ताई : मोजवेल. घरी अजून मशीनवालीच म्हणतात ना तुला?

मुलगी : आई म्हणते. डॉक्टर नाही, नर्स नाही, मग माझी लेक कोण म्हणून सांगू, असं विचारते. काल पहिल्यांदा शेजारच्या आजींना टेक्नॉलॉजिस्ट म्हणून सांगितलं तिनं. अडखळली, पण सांगितलं. तीन, चार, पाच. झाले.

ताई : हलव. आता तीन मिनिटं थांबायचं. गुलाबी झालं तर क्लोरीन आहे.

मुलगी : झालंय ताई. गुलाबी दिसतंय मला.

ताई : तो तुझ्या बाहीचा रंग आहे. नळीमागे काहीतरी पांढरं धर.

मुलगी : पांढरं काही नाही इथे. हा एवढा कागद आहे.

ताई : तुझा सहीचाच ना? त्याची मागची बाजू कोरी आहे. धर.

मुलगी : तुम्ही बघा. मला भीती वाटते.

ताई : मलाही वाटतेय. त्या शून्याखाली तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे. सव्वासातला केली. नळी बघितली होती का मी? तुझं अक्षर बघितलं आणि सही ठोकली. रोज बरोबर असतं म्हणून.

मुलगी : तुमची काय चूक त्यात?

ताई : तुझी जी, तीच. वेळ बघ.

मुलगी : झाली तीन मिनिटं.

ताई : वाच.

मुलगी : रंग नाही. अजिबात नाही. पाण्यासारखं पाणी.

ताई : पुन्हा कर. नव्या नळीत.

मुलगी : पुन्हा?

ताई : पुन्हा.

मास्तर : माझ्यासाठी घाई करू नका. आज मला कुठे जायचं नाही.

मुलगी : दुसऱ्या नळीतही रंग नाही, ताई. शून्यच आहे. म्हणजे मी गप्प बसले असते तरी काही झालं नसतं.

ताई : काहीच झालं नसतं. कुणाला कळलंही नसतं. उद्याही तू तसंच लिहिलं असतंस, आणि मीही खाली सही केली असती. मला त्याचीच भीती वाटते. रजिस्टर आण.

मुलगी : सकाळचं शून्य खोडू?

ताई : एकच रेघ मार. खालचं दिसलं पाहिजे. शेजारी खरी वेळ, नवीन शून्य आणि सही. मग माझ्याकडे दे. माझ्या सहीवरही रेघ मारायची आहे. डॉक्टर आले की दोघींनी सांगायचं.

मुलगी : आणि माझा कागद?

ताई : आज नाही.

मुलगी : सोमवारी मुलाखत आहे, ताई. आईनं सगळ्यांना सांगितलंय.

ताई : ठाऊक आहे मला. एक महिना आणखी कर. रोज नळी माझ्यासमोर धरायची, आणि मी ती बघितल्याशिवाय सही करायची नाही. महिना संपला की ह्या कागदावरही करेन. हाच कागद ठेव, मागे पाण्याचे डाग असू देत.

मुलगी : आईला काय सांगू?

ताई : मशीनवालीच आहे म्हणावं, अजून एक महिना.

मास्तर : अहो ताई, डॉक्टर जिना चढतायत वाटतं. ते हो म्हणाले तर माझं मशीन हिलाच सुरू करू द्या.

ताई : तुमची हरकत नसेल तर.

मास्तर : एक विचारायचंय तेवढं. काय गं, किती आलं?

मुलगी : शून्य, मास्तर.

मास्तर : तपासून सांगतेस?

मुलगी : तपासून. दोनदा.