सोनीबाईंच्या भिंतीवरच्या फुल्या

राग मला डॉक्टरांचा अधिक आला की स्वतःचा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही, तुम्हीच ठरवा. पोशेरा गावच्या सोनीबाईंच्या चुलीमागे भिंतीवर कोळशाच्या खुणा दिसल्या आणि मी, आयुष्यभर लोकसाहित्य अभ्यासलेला माणूस, गंभीरपणे विचारता झालो, "या कोणत्या देवाच्या?"

"देव कसला, सर? माझं पोट हाय ते."

उभी रेघ म्हणजे त्या दिवशी पित्ताची गोळी घेतली, गोल म्हणजे नागलीची भाकरी खाल्ली आणि फुली म्हणजे पेटके येऊन पाय वळले. प्रत्येक खुणेचा अर्थ निश्चित, दिवसांचा क्रम अचूक. माझ्या टिपणवह्यांना इतकी शिस्त नाही. गोळी सुरू झाल्यापासून फुल्या वाढत गेल्या होत्या, आणि भाताच्या आवणीच्या चिखलात बाईंना उभं राहवत नव्हतं.

भिंतीचा फोटो मोठा छापून मी त्यांना जव्हारला, गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. गोळी बंद करायची का, एवढंच विचारायचं होतं. खुणांचा अर्थ मी सांगू लागलो, पण डॉक्टर फोटो पाहूनच हरखले होते.

"वा, सर! अस्सल आदिवासी कला! फ्रेम करून इथंच लावतो."

"आणि गोळीचं काय?"

"चालू ठेवा, मावशी. अजून सहा महिने."

सोनीबाईंनी तो कागद डॉक्टरांच्या हातातून ओढून घेतला.

"भिंतीवर तं ते होतंच, डाक्टर. इथं वाचाया आणलं."