धुराड्याला बूच

घरात काही बांधायचं असेल, तर नात्यातला गवंडी बोलावू नका, हात जोडून सांगतो. साठ सालच्या आसपास कुवेतला, दस्मान भागात राहत होतो. हिवाळ्यात घर नुसतं गारठायचं, म्हणून विटांची मोठी भट्टी बांधायला काढली. खाली जाळ, वर पाव भाजायचा कप्पा आणि घरभर ऊब. गवंडी कोण, तर रत्नागिरीचे आमचे दाऊदमामू.

पहिल्याच दिवशी बायकोने कप्प्यात पाव ठेवले, मी जाळ केला आणि दोन मिनिटांत घर धुराने भरलं. खोकत गच्चीवर धावलो, तर धुराड्याचं तोंड सिमेंटने बंद!

"मामू, हे काय केलंत?"

"मग घराच्या डोक्याला भोक ठेवू? पाऊस लागला तर?"

"अहो, हे कुवेत आहे! इथे कसला पाऊस?"

पहार घेऊन मीच ते फोडलं. संध्याकाळी पुन्हा जाळ केला, पुन्हा पाव ठेवले. ते फुगताहेत तोच असा पाऊस कोसळला, की काजळीचं पाणी धुराड्यातून थेट पावांवर.

मामूंनी चहाचा घोट घेतला. "सांग ना आता त्याला, हे कुवेत आहे म्हणून."