चाळीस टोप्या

— नाही हो, जागाच नाही, तेच तर सांगतेय मघापासून. बसा ना, उभ्या का? या बाकावर जरा तरी सावली आहे. मला मधल्या सुट्टीत इथून हलता येत नाही, आज पटांगणावर लक्ष ठेवायची पाळी माझी — यिगाल! दगड खाली टाक! — टाकला? टाकला. तर काय सांगत होते, पहिलीचा वर्ग भरलाय. माझाच वर्ग. चाळीस पोरं. आमचे मुख्याध्यापक, ते एलकाना, ते म्हणाले, झोहराबाई, त्या ताश्कंदहून आलेल्या बाई मुलीचं नाव घालायला आल्यात, तुम्हीच बोला त्यांच्याशी. म्हणून बोलतेय. खालच्या वस्तीतली शाळा चांगली आहे. लांब? आहे थोडी लांब, पण बस जाते की. सहा वर्षांची पोर एकटी बसमध्ये — हो, ते आहेच. होते सवय. सगळ्याची होते.

आणि खरं सांगू, माझ्या वर्गात येऊन तुमच्या लेकीचं काय भलं होणार आहे? मागच्या बाकापर्यंत जायचं तर पोट आत ओढून जावं लागतं, आणि माझं पोट काही आता आत जात नाही. एकाचं नाक पुसतेय तोवर दुसरी रडते, तिला गप्प करतेय तोवर तिसऱ्यानं पेन्सिल कानात घातलेली असते. हा आवाज ऐकताय ना माझा, घोगरा? हा माझा नाही. लग्नात मेंदीच्या रात्री मी गायला लागले की बायका पानावरून उठून यायच्या. आता घरी गेल्यावर नवऱ्याला मीठ दे म्हणायलाही तोंड उघडवत नाही, बोटानं दाखवते. खाता का? पावात ट्यूना मासा आहे, वर हरिसाची लाल चटणी. तिखट आहे हं. नको? बरं.

तो बघा, भिंतीला टेकून उभा आहे तो. अवशालोम. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मारत नाही, रडत नाही, म्हणून तर राहून जातो. रोज वही उघडून बसतो, मी येईन म्हणून वाट बघतो — आणि मी त्याच्या बाकाशी पोचते न पोचते तोच घंटा होते. अजून त्याला आलेफ काढता येत नाही. पहिलं अक्षर! मला रात्री झोप लागत नाही हो त्या पोरामुळे. त्याच्या आईला काय सांगू, की तुमचा मुलगा शहाणा आहे म्हणून मागे पडला?

आता यात नवीन काही नाही म्हणा. आपल्या ज्यू धर्मातल्या जुन्या रब्बींनी, धर्मगुरूंनी, केव्हाच सांगून ठेवलंय, पंचवीस पोरांपर्यंत एक गुरुजी पुरे, चाळीसपर्यंत गुरुजींच्या हाताशी एक मदतनीस द्या, आणि चाळीसच्या वर गेली की दोन गुरुजी नेमा. सरकारनं त्यातलं चाळीस तेवढं उचललं. मदतनीस? तो वाटेत कुठे सांडला देव जाणे. तरी बरं, शेवटचं कलम अजून शाबूत आहे, चाळीसवर एक जरी पोर झालं तरी वर्ग तोडून दोन करावेच —

काय? नाही, मी कुठे काय म्हटलं. तुमच्या मुलीबद्दल नाही म्हटलं मी, आपलं एक बोलायचं म्हणून — अगं, अशी बघू नकोस माझ्याकडे. हो. बरोबर. चाळीस आहेत आणि तुझी एक. झालं समाधान? कर हिशेब. म्हणून तर एलकाना स्वतः आले नाहीत, मला पाठवलं. माझं तोंड बघितलं की आयांना खरं वाटतं, एवढी दमलेली बाई खोटं कशाला बोलेल. वर्ग तोडायचा तर खोली हवी, आणि खोलीत त्यांचे कॉम्प्युटर आहेत. अमेरिकेतल्या कुणीतरी देणगी दिली, दारावर पितळी पाटी लागली, कॉम्प्युटर अजून प्लास्टिकमध्ये. खोलीला कूलर आहे! कॉम्प्युटरला गरम होऊ नये म्हणून! — ओश्रित, नळ बंद कर, तुझ्या बापाचा नाही तो!

सणांच्या आधी वरून माणूस येईल मोजायला. तोवर तुझ्या मुलीचं नाव लागलं की संपलं, एलकानांनी डोकं आपटलं तरी वर्ग तुटतो. मला वीस राहतील. वीस! मी पहिल्याच दिवशी अवशालोमच्या शेजारी जाऊन बसेन, पाय पसरून, आणि —

कोणाच्या वर्गात जाईल ती? हं. हे विचारलंस. नसतं विचारलंस तर मी सांगितलं नसतं. नवी पोर नव्या वर्गात जाते, गं. माझ्याकडे नाही. तिथे सैन्यातून एखादी एकोणीस वर्षांची पोरगी शिकवायला पाठवतील, सक्तीची लष्करी सेवा भरून काढणारी, गणवेशातली, तिला खडू धरता येत असला तर नशीब. पण वीस-एकवीसच मुलं असतील तिच्यापुढे. तुझ्या लेकीचं नाव दुसऱ्या दिवशी तिला पाठ असेल. मला अजून माझ्या सगळ्यांची — जाऊ दे. उठलीस? रागावू नकोस. मी मघापासून तुझ्या पोरीचा हिशेबच करतेय, कळतंय मला. जा, बस धर. मी एलकानांना सांगते, समजावलं म्हणून.

ही झाली घंटा. रांग! रांग करा! थांब जरा, एवढं मोजून घेते. माणसं मोजू नयेत, आमची आजी ओरडायची, नजर लागते. तुमच्यातही नाही ना मोजत? म्हणून मी टोप्या मोजते. उन्हामुळे टोपीशिवाय कुणाला बाहेर सोडतच नाही... सदतीस, अडतीस, एकोणचाळीस... चाळीस. भरल्या.

मग अवशालोम बोडका कसा? अरे, तुझी टोपी कुठे गेली? बोल की. कुणाला दिलीस? —

अगं बाई. ती तुझी ना? त्याच्या मागे उभी आहे ती, डोळ्यांवर टोपी आलेली? दोघं हात धरून उभी आहेत. तो हसतोय. मी त्याला अजून हसताना बघितला नव्हता.

नाव काय गं तिचं? विचारलंच नाही मी इतका वेळ.

बुलोर. बरं. ऑफिस डावीकडे, दुसरं दार. एलकाना जागा नाही म्हणतील, तू उठू नकोस. आणि मी तुला काही सांगितलेलं नाही. जा आता, जा, मला पोरं आत न्यायचीत.