एक नंबर गडद

आणि वर मलाच विचारतात, "आजोबा, तुम्ही हसत का नाही?" घ्या! अहो, हसतच होतो की! मुलुंडच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, रतन टेलर कोण? तर म्हणतील, तो हो, हसरा म्हातारा. दाताचं नाव कुणी कधी काढलं नाही. आणि आता नातीचं लग्न येत्या रविवारी, तर घरात जेवणाची चर्चा नाही, हॉलची नाही, चर्चा कसली? माझ्या दाताची! तुम्हाला सांगतो, तोंड माझं, दात माझा, आणि लाज मात्र ह्यांना!

दात म्हणजे हा, वरचा, पुढचा. त्याला खाच आहे. कशानं पडली? दोरा तोडून. शिवण संपली की मान खाली, दोरा दातात, कट्! तुम्ही म्हणाल, कातर नाही का? आहे ना! पण कातर ऐन वेळी कापडाखाली दडलेली असते, दात कसा, जागेवर असतो. तर असा तो कामात झिजलेला दात... आणि आमची नवरी नात दीप्ती साखरपुड्याचे फोटो मोबाइलवर बघत बसली, दोन बोटांनी मला मोठा केला, आणखी मोठा केला, पार माझ्या तोंडात शिरली, आणि म्हणते, "आजोबा, इथे काळं काळं दिसतंय ना ओ!" अगं बाई, माणसात इतकं आत शिरलं तर काही ना काही काळं सापडणारच! तुझ्या त्या होणाऱ्या नवऱ्याला, सम्यकला कर बघू मोठा!

सूनबाई आली धावत. "बाबा, हल्ली बाँडिंग करतात. दाताच्याच रंगाचा लेप भरतात, दुखत नाही, काही नाही. आणि आपल्याकडे बौद्ध पद्धतीच्या लग्नात सगळे पांढऱ्या कपड्यांत, त्यात तुमचा तो दात उठून दिसतो." मी शांतपणे म्हटलं, "शीतल, मी मागच्या रांगेत उभा राहतो." झालं! दीप्तीच्या डोळ्यांत टचकन पाणी. "मला तुम्ही माझ्या बाजूलाच पाहिजे. आणि हसताना पाहिजे." आणि खरं सांगू, त्या दिवसापासून हसू आलं की माझा हात आपोआप तोंडावर जायला लागला... नव्या नवरीसारखा! ही सवय मला नव्हती हो. ह्यांनी लावली. तोंड माझं, दात माझा, आणि लाज ह्यांना, ती हळूच माझ्या खिशात सरकवली!

म्हणून गेलो. डॉक्टरीणबाई बेव्हर्ली म्हणून, तरणी पोर, पण इथल्याच जुन्या गावठाणातली, मराठी आपल्यापेक्षा फर्मास. "अंकल, आ करा. अय्यो, हे काय, खिळे खाता काय?" म्हटलं, "दोरा." तर म्हणे, "लेप भरल्यावर दोरा बंद हां. नाहीतर उडेल." म्हणजे बघा, दात सुधारायचा आणि धंद्याला सुट्टी द्यायची! बरं बाई, म्हटलं. रागावत नाही मी कुणावर.

मग तिनं काढलं कार्ड. काय सांगू तुम्हाला! ओळीनं छोटे छोटे दात, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत, खाली इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं मला कुठली येतात, पण रंग? रंग मला येतो! अहो, हे तर आमचं दोऱ्याच्या रिळांचं कार्ड! इतका वेळ खुर्चीत भेदरून बसलेला माणूस मी, एकदम आपल्या दुकानात आलो. तिनं एक दात माझ्या दाताला लावला. "हा बरोबर मॅच आहे, अंकल." मी म्हटलं, "नाही. एक नंबर गडद घ्या."

"गडद कशाला?"

"बाई, रिळावर रंग दिसतो वेगळा, शिवला की उजळतो. म्हणून दोरा नेहमी कापडापेक्षा एक नंबर गडद घ्यायचा. जन्म गेला माझा ह्यात."

"अंकल, हा शिवायचा नाहीये. हा उजळत नाही."

"उजळतो. मी सांगतो ना!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "बरं. तुमची मर्जी."

तिथंच मी उठायला पाहिजे होतं! अहो, गिऱ्हाइकाला 'तुमची मर्जी' मी कधी म्हणतो? वाट लागणार हे दिसत असतं तेव्हाच ना! पण नाही उठलो. तिनं लेप भरला, तो वाळवायला घातला निळा दिवा तोंडात, घासलं, पुसलं, दिला आरसा हातात. खाच? गेली! एकदम झकास. आणि तिच्या जागी... भातात तुरीचा दाणा राहावा तसा!

घरी आलो. शीतलनं कपाळाला हात लावला. "बाबा, आधी निदान लांबून तरी दिसत नव्हता हो!" आणि दीप्ती? जिला मी हसताना पाहिजे होतो ती? म्हणते कशी, "आजोबा... रविवारी जास्त हसू नका हं." ऐका! तोंड माझं, दात माझा, आणि लाज... जाऊ दे. ह्या वेळेला रंग मीच निवडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात हजर. आत ही गर्दी! "बाई, तुमचंच बरोबर होतं. जरा आल्टर करून द्या." बाईंनी मानही वर केली नाही. "अंकल, लग्नसराई आहे, सगळे नवरा-नवरी दात घेऊन बसलेत. मंगळवारी या, करून ठेवते."

"अहो, लग्न रविवारी आहे!"

"मग आधी नाही का यायचं?"

उठलो. ते वाक्य तिचं नाही हो, माझं आहे! 'मंगळवारी या' हेही माझंच! किती नवऱ्यामुलांना मी ते मशीनवरून मान वर न करता ऐकवलंय!

तर रविवारी नातीच्या बाजूला उभा राहीन. तोंड मिटून. मंगळवारी दवाखान्यातही जाईन, बाई 'या' म्हणाल्यात ना. पण तुम्हाला म्हणून सांगतो... धंद्यातला माणूस आहे मी. मंगळवारी काही होत नसतं.