सटवाकाकांच्या मेंदूतल्या रेघा

बीडच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या वनमालाला शेजारी बसलेल्या म्हातारीचं आणि तरुण डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकू येत होतं.

"कडूमावशी, ह्या कागदावरचे ठिपके म्हणजे सटवाकाकांच्या मेंदूतले भाग. एकाच वेळी जागे होणारे भाग रेघेनं जोडलेत."

"अन् हितं रेघाच न्हाईत?"

"झटका तिथंच आला होता. पण सहा महिन्यांत बाजूनं नव्या रेघा वाढल्यात."

"म्हंजी ह्ये परत बोलतेल?"

"नुसत्या रेघांवरून तसा शब्द नाही देता येत, मावशी."

"खरं सांगितलंस, लई उपकार झाले. समदे गोड बोलून वाटंला लावतेत."

"तुम्ही बोलता त्यांच्याशी?"

"रोज. एकेका शेळीचं नाव घेऊन सांगते. गप ऐकतेत."

मावशीपलीकडे भिंतीला टेकलेल्या सटवाकाकांचे ओठ हलले.

"चां... चांदी."

"आगं बाई! आमची गाभण शेळी हाय ती!"

वनमालाचा नंबर पुकारला. ती त्या दोघा म्हाताऱ्यांकडे बघत, डोळे पुसत बसूनच राहिली.