बिनसावलीच्या दिवसाला मंडप

...आणि मंडप घातला हो, मंडप! तुम्हाला सांगतो, सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप हुती, ते पोरांस्नी दाखवायचा कार्यक्रम, आणि त्याला शाळेच्या अख्ख्या अंगणावर मंडप! म्हंजे पोहायची शर्यत ठरवायची आणि आदल्या दिवशी विहीर बुजवायची! का? तर हेडसर म्हणाले, "पावण्यास्नी ऊन लागलं न्हाय पायजे!"

पेठ वडगावाजवळचं गाव आमचं. मराठी शाळेत उन्हाळी शिबिर, पहिली-दुसरीची पोरं, आणि शिकवणारा कोण? मी. कॉलेज सोडून घरात बसलेला. हेडसर म्हणाले, "मोकळाच हैस, पोरांस्नी विज्ञान-बिज्ञान दाखव की." दाखवलं. मोसंबीत काडी खुपसून पृथ्वी केली, बॅटरीचा सूर्य केला, पृथ्वी फिरवली, दिवस-रात्र केली, आणि तास संपल्यावर पोरांनी पृथ्वी सोलून खाल्ली. खाऊ देत! मोठ्यांनी तरी कुठं शिल्लक ठेवलीया?

त्यात ही शांभवी. दुसरीतली, चिमणीएवढी. बाकीची पोरं सकाळी एकमेकांच्या सावलीभवती खडूनं रेघ मारायची, दुपारी परत मारायची, आणि "आखडली, आखडली!" म्हणून बोंबलायची. ही लांब, पार कंपाउंडाच्या भिंतीकडं, एकटीच. म्हटलं, "ये की गं हिकडं." तर म्हणती, "नको दादा. माझी कुणावर पडू द्यायची नसती."

"काय?"

"सावली."

आता ऐका. ही जन्मली तवा हिची आई गेली. आणि हिच्या आज्जीनं, अक्काताईनं, निकाल लावून टाकला, पोरीची सावलीच वाईट! अंगणात पापड वाळत घातलं की ही परड्यात. कोण गरवार बाई समोरनं आली की ही रस्त्याच्या पल्याड. एवढीशी पोर, सूर्य कुठल्या अंगाला हाय ते बघून पाऊल टाकती हो! आणि घरात बाळ आलेलं, सुष्मिताकाकीचं. हिनं त्याला अजून हात लावलेला न्हाय. उंबऱ्याभायेरनं बघायचं, ते बी दिवा मागं नसंल तवा.

आणि मी वर्गात सांगितलं, मे महिन्यात एक दिवस असा येतो, दुपारी सूर्य नीट डोक्यावर, कुणाचीच सावली पडत न्हाय. शांभवीचा हात वर.

"समद्यांची जाती?"

"समद्यांची."

"हेडसरांची बी?"

"पोटाची सोडून."

"माझी बी?"

"तुझी बी."

"किती येळ?"

"लई न्हाय. जरासा."

तिनं मनात काय तरी मापलं, आणि म्हणाली, "तेवढ्यात बाळ घिऊन हुतं."

बघा! अख्खं खगोलशास्त्र पोरीनं एका कामाला जुंपलं! काकी लगेच तयार. "आणतो की मी बाळाला शाळंत. सावलीच न्हाय म्हटल्यावर आत्ती काय म्हणणार?" आणि आत्ती, म्हंजे सासू, म्हंजे आपली अक्काताई, ती म्हणाली, "बघू. माझ्या डोळ्यांनी बघितल्याबिगार न्हाय." चला, म्हटलं, एवढं तरी!

पर हेडसरांच्या पोटात ही गोष्ट ऱ्हाईल व्हय? त्यांनी जाऊन सयाजीआण्णांना आवतण दिलं. आण्णा म्हंजे गावातलं मोठं प्रस्थ, कुणाचंही काहीही असू दे, नारळ ह्यांनीच फोडायचा. आण्णा येणार म्हटल्यावर मंडप, मंडप म्हटल्यावर खुर्च्या, खुर्च्या म्हटल्यावर भाषण! मी म्हटलं, "सर, सावली न्हाय हे दाखवायचंय आणि तुम्हीच सावली करालाय!" तर म्हणाले, "आरं, पावण्यास्नी ऊन लागलं न्हाय पायजे. भाषण झालं की दाखव की तू भायेर."

"सर, सूर्य थांबत न्हाय."

"आण्णा बी थांबत न्हाईत. त्यास्नी फुडं एक बारसं हाय."

मी फाटकाजवळ उन्हात एक काठी रोवली आणि तिथंच उभा ऱ्हायलो. पोरं मंडपात वळीनं बसवलेली, कारण टाळ्या कोण वाजवणार? अक्काताई म्होरच्या खुर्चीत, शेजारी काकी, काकीच्या मांडीवर बाळ. आणि शांभवी? तिचा फ्रॉक नवा दिसला म्हणून हेडसरांनी तिच्या हातात सत्काराचं ताट दिलं! शाल, नारळ, फेटा. "हलायचं न्हाय बरं का बाळ!"

आण्णा आले उशिरा. फेटा बांधला, सैल झाला, सोडला, परत बांधला. नारळ फुटंना. मग भाषण... "बालमित्रांनो, विज्ञान म्हंजे काय? आमच्या येळंला..." आरं तुमच्या येळंला ह्योच सूर्य हुता की! तवा बी कुणी बघितला न्हाय, आता बी बघू दीनात!

शांभवीचं ध्यान भाषणात न्हाय. ताटावरनं मान वर काढून माझ्या काठीकडं बघालीया. काठीची सावली वीतभर... बोटभर... नखाएवढी... आणि गेली! तुम्हाला सांगतो, मी एवढं शिकवलं, पर माझ्या बी अंगावर काटा आला. पोरीनं माझ्याकडं बघितलं. असं हसली! ताट घिऊनच एक पाऊल टाकलं, आणि मागनं हेडसर दात-ओठ खाऊन, "ए, ताट!"

थांबली. शिकवलंयच तसं, मोठ्यांनी थांब म्हटलं की थांबायचं.

भाषण संपून, शाल घालून, ताट हातातनं सुटलं तवा काठीला दुसऱ्या अंगानं सावलीची बारीक शेपटी फुटलेली.

पर पोरगी हुशार हो! रडली न्हाय. खाली बघितलं, इकडं-तिकडं बघितलं, आणि सरळ अक्काताईम्होरं जाऊन उभी. "आज्जी, हितं मंडपात बघ. माझी सावली न्हाय. कुणाचीच न्हाय. घिऊ?"

काकीनं बाळ उचललंच हुतं, हात म्होरं आलेच हुतं. अक्काताईनं जमिनीकडं बघितलं. निरखून बघितलं, बरं का! आणि म्हणाली, "हाय की. मंडपाच्या सावलीत मिसळलीया. दिसंना म्हणून नसती व्हय? सरक लांब."

काकीचे हात मागं गेले.

मी उसळलो. "आज्जी, सावली म्हंजे नुसता उजेड अडलेला! आई हिच्या सावलीनं गेली व्हय? दवाखान्याला न्यायला गाडी मिळाली न्हाय म्हणून गेली, अख्ख्या गावाला म्हाईत हाय!" तर सरबताचा पेला खाली ठिऊन आण्णा काय म्हणाले? "ए पोरा, वडीलधाऱ्यांफुडं आवाज? आधी कॉलेज पुरं कर, मग अक्कल शिकव!" आणि समदी हसली. गार सावलीत बसून हसली. का न्हाय हसायचं? पावण्यास्नी ऊन लागलंच न्हाय!

मग पावण्यांच्या गाड्या गेल्या. शांभवी माझ्याजवळ आली. "दादा, परत कवा?"

म्हटलं, "ऑगस्टात येतो सूर्य परत डोक्यावर. पर तवा आपल्याकडं आभाळ गच्च. ऊनच नसतं, मग सावली कुठली? आठ-आठ दिवस कुणाचीच न्हाय." मला वाटलं, आता हिचा चेहरा खुलंल, आता म्हणंल, मग आठ दिवस बाळ घेतो!

तर माझ्याकडं अशी बघितली, जणू मीच दुसरीत हाय. आणि मला बरं वाटावं म्हणून हळूच समजावून सांगितलं, "तसं नसतंय दादा. तवा ती ढगाच्या सावलीत मिसळलेली असती."

महिनाभर मोसंब्या फिरवल्या हो मी! बॅटरीचे सेल संपवले! आणि आज्जीनं खुर्चीवरनं न उठता एका वाक्यात शिकवलं, ते पोरीनं न अडखळता म्हणून दाखवलं. अर्थासकट, उदाहरणासकट! आज्जीचा धडा पैकीच्या पैकी.

आणि मी? माझं काय घिऊन बसलाय... नापास व्हायची आपल्याला सवय हाय. मंडपवाल्याला बांबू उतराय माणूस कमी हुता, तिकडं गेलो.